सीडीचं तोंड

नाथाजी हवालदाराच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं होती. एक पलटणीत गेलेली आणि दुसरी वाया गेलेली. कॉम्प्युटरवाले वाया गेलेल्यांतही शेवटच्या रांगेत.

म्हणूनच मतीनला घरी बोलावताना त्याला आपल्याच हाताने आपली मिशी कातरल्यासारखं वाटलं होतं. पण इलाज नव्हता. आज दिवस मावळायच्या आत भैरोबाची पालखी उठायची होती, आणि ती उठायची रसूलच्या घरच्या सनईवर. आधी रसूलचा बाप वाजवायचा, मग रसूल. उठवणीची चाल सुरू झाल्याशिवाय पालखीच्या दांडीला कुणी खांदा लावत नसे. दिवाळीच्या सुमाराला रसूल गेला. मतीन त्याचा एकुलता एक मुलगा, चाळिशीचा. त्याने सनई माळ्यावर टाकून कडेगावात मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलेलं.

आठ दिवसांमागे जत्रा कमिटी बसली तेव्हा तिच्यातला आप्पासो म्हणाला होता, "रसूलभाई गेलं, सनई गेली. औंदा डीजे सांगू."

नाथाजी ताडकन उठला होता. "भैरोबा काय वरातीतला नवरा हाय व्हय रं? रसूल माज्या घरात हाय, सीडीत! मी सवता सांगलीला नेऊन वाजवून घेतलंय त्येला. उठवणी वाजली न्हाई, तर डीजेम्होरं पयला मी नाचंन!"

आप्पासोने ते वाक्य तिथल्या तिथे मोबाइलवरून अख्ख्या गावाला धाडलं. त्या दिवसापासून पोरं नाथाजीला बघून कंबर हलवत होती.

सीडी अकरा वर्षांची. पहिल्या वर्षी ती ऐकली, मग वाजवायचं यंत्र बिघडलं आणि सीडी देवघरात गेली. आता सीडी घालायची जागा असलेलं गावात एकच यंत्र उरलं होतं: नाथाजीच्या फौजी मुलाने मागे ठेवलेला जुना कॉम्प्युटर. नाथाजीच्या बायकोने, मनुबाईने, त्यावर टेबलक्लॉथ घातला होता आणि वर फुलदाणी.

मतीन आला, फुलदाणी उतरवली, बटण दाबलं. कॉम्प्युटर म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकत उठला. मतीनने पेनड्राइव्ह लावून एक प्रोग्रॅम चढवायला घेतला.

"ह्यात समदं हाय, नाना. गाणी, सिनेमा, रेडिओ..."

"मी सिनेमा मागितलाय व्हय?"

पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत राहिली. दुपारचं जेवण झालं, पट्टी अर्ध्यावर. मग पडदाच गोठला. माउस हलवला तरी काही हलेना.

"घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं," नाथाजी म्हणाला. "बापानं एका फुंकंत देऊळ भरलं. ह्येला बघा, दोन तास झालं, नुसती पट्टी भरंना."

मतीनने माउस बाजूला सारला. "यंत्र जुनं हाय, नाना. थांबा, बारकं कायतरी टाकतो."

त्याने कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला आणि दुसराच प्रोग्रॅम टाकला. पाणी प्यायच्या आत तो बसलासुद्धा. पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी खिडकी उघडली. तिच्यात चार बटणं: वाजव, थांब, पुढं, मागं.

"एवढंच?"

"एवढंच. फक्त सीडी वाजिवतं."

"मग दोन तास मला उगाच गावभर फिरवत हुतास व्हय?" नाथाजीने त्या काडेपेटीकडे असं पाहिलं, जसं नव्या रंगरुटाच्या ढिल्या पट्ट्याकडे बघायचा. "बरं. सरक."

"आणा, मी घालतो."

"हात लावायचा न्हाई!"

देवघरातून आणलेला लाल कपडा नाथाजीने उलगडला. रुखवतातलं ताट धरावं तशी दोन्ही हातांनी सीडी धरली आणि कॉम्प्युटरच्या बाहेर आलेल्या जिभेवर ठेवली. जीभ आत गेली. आत घरघर झाली, थांबली, पुन्हा घरघर झाली. खिडकीत अक्षरं उमटली. नाथाजी वाचायला शिकला तो पलटणीत, वयाच्या पंचविशीत. त्यामुळे लिहिलेलं तो अजूनही मोठ्याने आणि हुकूम ऐकवल्यासारखा वाचायचा.

"सी... डी... घाला."

तो मतीनकडे वळला. "ह्यो मला खोटं पाडतुय? माज्या हातानं घातलीया!"

"त्येला दिसंना झालीया."

"त्येला दिसंना, तुला कळंना! सनई सोडून ह्ये आंधळं पाळलंस व्हय रं?"

दाराशी आप्पासो उभा होता. डोक्यावर फेटा, तोंडात पान. "हवालदार, डीजेची गाडी चावडीम्होरं आलीया. कुठल्या गाण्यावर नाचणार, तेवढं सांगा."

नाथाजीने आप्पासोकडे पाठ फिरवली. आतून मनुबाईने कपबशी जोरात आपटली.

"आवं, द्या की त्येच्या हातात!" ती बाहेर येत म्हणाली. "त्येच्या बापाची हाय ती."

नाथाजीने पाय मागे घेतला. मतीनने बटण दाबून जीभ बाहेर काढली, सीडी काठाला धरून उचलली आणि उलटी केली.

चकचकीत बाजूवर हळदकुंकवाचे वाळके थर होते. गोल, अंगठ्याएवढे, एकावर एक चढलेले. काही ठिकाणी अक्षतांचे दाणेही चिकटलेले.

"या अल्ला," मतीन म्हणाला. "नाना, ह्ये कुण्या गाढवानं केलं?"

मनुबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

गाढव कोण ते नाथाजीला पक्कं ठाऊक होतं. पलटणीत खंडेनवमीला रायफलींना गंध लागायचं. घरी आल्यावरही त्याने रिवाज मोडला नाही. कोयता, पाना, मोटर, ट्रॅक्टर आणि त्यांच्याबरोबर रसूलची सीडी. दर वर्षी एक अंगठा. आणि तो दाबून लावायचा, कारण हलक्या हाताने लावलेलं गंध देवाला पोचत नाही, असं त्याचं मत होतं.

"वाजायची बाजू हीच असती, नाना. वरच्या अंगाला लावायचं तरी!"

"वर कागद हाय, ती पाठ," नाथाजी खालच्या आवाजात म्हणाला. "ह्या बाजूत तोंड दिसतं. देवाच्या पाठीला गंध कोण लावतं रं?"

आप्पासो इतका हसला की पान सदऱ्यावर सांडलं. "हवालदार! शत्रू तुमच्याच अंगठ्यात निघाला की!" असं म्हणत तो चावडीकडे पळाला, कारण ही बातमी त्याच्या पोटात मावणार नव्हती.

नाथाजी राख आणायला उठला, पितळेच्या तांब्यासारखी सीडी घासायला. मतीनने त्याला हाताला धरून खाली बसवलं. असं बसवून घेण्याचा नाथाजीचा जन्मातला हा पहिलाच प्रसंग. मनुबाईने कोमट पाणी आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा दिला. मतीन मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसत राहिला, हळूहळू. अक्षतांनी पडलेला एक ओरखडा राहिलाच.

सीडी परत आत गेली. घरघर. काडेपेटीत आकडा उमटला: एक. मतीनने वाजवचं बटण दाबलं.

रसूल वाजू लागला.

मनुबाईने हात जोडले. सनई वर चढली, वळली, आणि जिथे पालखीला खांदा लागतो नेमक्या त्या जागी टक् करून चाल तुटली. चार श्वास निघून गेले आणि पुढचा सूर लागला. मतीनने ती पेनड्राइव्हवर उतरवून बघितली, तर ओरखड्याशी येऊन काम अडकून बसे. त्याने पुन्हा सुरुवातीपासून लावली. पुन्हा तिथेच तुटली. पण या वेळी तुटलेल्या जागेत कुणीतरी गुणगुणलं, आणि नाथाजीने मान वळवली. मतीनची बोटं माउसवर सनईच्या भोकांवर फिरावीत तशी फिरत होती. त्याला स्वतःला पत्ता नव्हता.

"तुला येतंय," नाथाजी म्हणाला.

"न्हाई येत." मतीनने बोटं आवळून घेतली. "नुसतं कानात हाय."

"मग कानातलं तोंडात आण. चार श्वासाचं काम हाय. माईक धर."

पाच वाजता कॉम्प्युटर हातगाड्यावर बसून देवळापुढे गेला, वायरीसकट. काडेपेटीचं बटण मतीनने दाबलं. रसूलची सनई भोंग्यातून निघाली, गडी दांडीशी गोळा झाले, आणि जिथे चाल तुटायची तिथे मतीनने माईक तोंडाशी नेऊन बापाची जागा तोंडाने भरली. आवाज फाटका, सूर थोडा खालचा. पण खांदा लागला. पालखी उठली.

"सीडी फसक्लास हाय, हवालदार," आप्पासो कानाशी ओरडला. "मधी कुठं तुटली न्हाई!"

नाथाजीने त्याच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं रसूलची सनई ऐकून या माणसाला सीडी आणि मतीन वेगळे कळले नव्हते. डीजे आणि सनई तरी वेगळे कुठे कळत होते? नाथाजी पच्कन थुंकला.

पालखी वळणाआड गेल्यावर मतीन वायरी गुंडाळू लागला. नाथाजी पाठीमागे हात बांधून तिथेच उभा.

"माळ्यावरनं सनई काढ," तो म्हणाला, मतीनकडे न बघता. "खंडेनवमीला घेऊन ये. गंध लावायचंय."

मतीनने वायर खांद्यावर टाकली. "मी लावीन, नाना. तुमी नुसतं लांबनं बघायचं."