हे पण छापा

ऑफिसात मला सगळे हेडफोनबाई म्हणतात. काम तसंच आहे. शेती आणि अन्न यांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी मुलाखती ऐकून टाइप करते. संशोधक मंडळी गावोगाव फिरतात, शेतकऱ्यांना बोलतं करतात आणि रेकॉर्ड केलेलं सगळं आणून माझ्या कानात ओततात. जसं बोललेत तसं उतरवायचं, खोकल्यासकट. त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते वरचे ठरवतात. नऊ वर्षं मी त्या वरच्यांच्या वाटेला गेले नव्हते.

यंदाच्या अहवालात आकड्यांच्या जोडीला शेतकऱ्यांचे आवाजही असणार, असं ठरलं. सेहेचाळीस मुलाखती माझ्याकडे आल्या. त्यातल्या निम्म्या तरी मी झोपेत टाइप केल्या असतील, कारण विचारणाऱ्याला हवं तेच उत्तर देणारी माणसं फार असतात. एकतिसावी मात्र तशी नव्हती.

ती एका कोबी लावणाऱ्या बाईची होती. वय पन्नाशीच्या आसपास, जमीन एकरभर. मागे शेळ्या ओरडत होत्या आणि ती मधेच त्यांच्यावर खेकसत होती. रासायनिक खत बंद करून तिला सात वर्षं झाली होती. आमच्या संशोधक मुलीने विचारलं, "मग मातीत काही फरक?" बाई म्हणाली, "आहे ना. माती आता मऊ झालीय. मूठभर उचलली की हाताला कळतं, ही जिवंत आहे." आणि लगेच म्हणाली, "पण पुढचं ऐक. पहिली तीन वर्षं कोबी निम्मा आला. आम्ही टिकलो ते माझा नवरा शाळेची बस चालवतो म्हणून. घरात दुसरा पगार नसेल त्याने एकदम सगळ्या जमिनीचं खत बंद करू नये, पार आडवा होईल. हे कुणी सांगत नाही. हे पण छापा. लिहिलंस का? हे पण छापा."

तिने ते दोनदा म्हटलं. मी दोनदा टाइप केलं.

अहवालाची कच्ची छापील प्रत माझ्या टेबलावर आली ती शुद्धलेखन बघायला. पान चौदावर कोबीवाल्या बाईचा पानभर फोटो, हातात मातीची मूठ, आणि खाली चौकटीत तिचं वाक्य. 'मूठभर उचलली की हाताला कळतं, ही जिवंत आहे.' बस. पुढचं काही नाही. मी मागची पुढची पानं चाळली. कुठेच नाही.

अहवालाचं काम आमचे प्रसिद्धीप्रमुख बघतात. त्यांना प्रत्येक गोष्ट चौकटीत बसवायची इतकी हौस, की आम्ही त्यांना पाठीमागे चौकटसाहेब म्हणतो. त्यांच्या खोलीत जाऊन मी पान पुढे केलं.

"साहेब, हे अर्धंच आहे."

"शुद्धलेखन चुकलंय?"

"शुद्धलेखन ठीक आहे. बाईंचं म्हणणं चुकलंय."

त्यांनी पान नीट वाचलं. "हे तिने म्हटलेलं नाही?"

"म्हटलंय."

"मग खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही, पण..." मी तिचं पुढचं बोलणं वाचून दाखवलं.

"चौकटीत अठरा शब्द बसतात, बाई. अठरा. तुम्ही सांगताय ते पन्नासावर जातंय."

"फोटो थोडा लहान केला तर?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या मुलाला शाळेतून काढा म्हटलं होतं.

मग मी संशोधक मुलीकडे गेले. वयाने माझ्या भाचीएवढी, हुशार. ती खिडकीशी बसून सफरचंद खात होती. माझं ऐकलं आणि खाणं थांबवलं.

"मी दोनदा बोलले त्यांच्याशी," ती म्हणाली. "माझ्याकडे तर सव्वीस शेतांचे आकडे आहेत. सगळीकडे पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न घसरलंय, चौथ्या-पाचव्या वर्षी सावरलंय. तो आलेख आधी पान सहावर होता."

"आता कुठे आहे?"

"परिशिष्ट क. शेवटून दुसरं पान. मुंगीएवढा." तिने सफरचंद कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. "माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय. तिसऱ्यांदा बोलायची माझ्यात ताकद नाही, ताई."

तिच्यावर काय रागवायचं. मी थेट संचालकबाईंकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, मान हलवत सगळं ऐकलं, मधे एकदा लिहूनही घेतलं. "फार महत्त्वाचं निरीक्षण आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या अहवालात आपण यावर स्वतंत्र प्रकरण करू." बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या तोंडाला पानं पुसली गेली होती आणि वर मीच त्यांना थँक्यू म्हणून आले होते.

संध्याकाळी घरी भांडी आपटत होते. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"कपाने काय घोडं मारलंय तुझं?"

मी सगळं सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा ओरडून. ओरडल्यावर जरा बरं वाटलं.

"तू सगळ्यांना विचारत फिरलीस," त्या म्हणाल्या. "त्या बाईला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं?"

"बोलणं कुणाचं आहे?"

नऊ वर्षांत मी शेकडो माणसांचे आवाज ऐकले होते. त्यांच्यातल्या एकाशीही स्वतः बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी संमतीपत्रावरून नंबर काढला आणि फोन लावला. आवाज ओळखीचा आला, इतका की मी चटकन "मावशी" म्हटलं.

"कोण गं तू?"

"तुमची मुलाखत झाली होती ना, ती टाइप करणारी."

"छापलं का?"

"अर्धं छापतायत." मी वाचून दाखवलं.

पलीकडे तिने आधी शेळ्यांना गप्प केलं. मग मावशी म्हणाली, "हे बोललेय खरी. पण हे सांगायला नव्हते बोलले." आणि मग तिचा आवाज चढला. तिच्या बांधाला लागून एक तरुण जोडपं दोन वर्षांपासून शेती करतं, पगार नाही, पाणी बेताचं. ते दोघं यंदा सगळ्याच जमिनीचं खत बंद करायच्या गोष्टी करत होते. "माझा फोटो बघितला की उडी मारतील ती पोरं. सगळं छापा नाहीतर माझं तोंड काढा त्यातनं."

संमतीपत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं की संमती कधीही मागे घेता येईल. मावशीने वहीच्या कागदावर दोन ओळी लिहून त्याचा फोटो पाठवला. सही ठळक, पेन दाबून केलेली. मी तो छापून चौकटसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मनातल्या मनात म्हटलं, आता बोला.

दोन दिवसांनी सुधारलेलं पान चौदा आलं. मावशीचा फोटो गेला होता. तिच्या जागी आमच्या जुन्या संग्रहातली दुसरीच कुणी हसरी बाई होती, हातात गाजरांची जुडी. खाली चौकटीत वाक्य तेच. आणि वाक्याखाली, 'एक शेतकरी भगिनी'.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी पान घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

"तिने संमती काढून घेतलीय, साहेब!"

"म्हणूनच ओळख काढली."

"वाक्य तिचंच आहे!"

"असं वाक्य कुणीही म्हणू शकतं, बाई. आणि छापखान्यात गेलंय ते आता."

पायऱ्यांवर बसून मी मावशीला फोन केला. गाजरवाल्या बाईबद्दल ऐकून ती आधी हसली, मग शिवी दिली. मी विचारलं, "मावशी, तुमची मुलाखत पूर्ण, जशीच्या तशी लोकांना वाटू का? तुमच्या नावासकट?"

"वाट की. त्याचसाठी तर एवढं बोलले."

प्रकाशनाच्या दिवशी मला दारातल्या टेबलावर बसवलं होतं. येणाऱ्याची सही घ्यायची आणि हातात अहवाल द्यायचा. आदल्या दिवशी मी दोन पानी मुलाखतीच्या दीडशे प्रती काढून ठेवल्या होत्या. प्रत्येक अहवालात पान चौदाशी एक प्रत घालत गेले. चेहरा मी आजारी माणसाला भेटायला जाताना ठेवतात तसा शांत ठेवला होता. चाळीसएक प्रती गेल्या असतील, तेवढ्यात चौकटसाहेबांनी एक अहवाल उघडला.

"हे काय आहे?"

"मुलाखत क्रमांक एकतीस."

त्यांनी उरलेला गठ्ठा उचलला, काखेत मारला आणि मला म्हणाले, "तुम्ही घरी जा." मी गेले नाही. मागच्या रांगेत जाऊन बसले.

मंचावर संचालकबाई सांगत होत्या, "आमची संस्था बोलत नाही, आमची संस्था ऐकते." टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उभा राहिला. त्याच्या एका हातात अहवाल होता, दुसऱ्यात माझी दोन पानं.

"हे सुटं पान कुठलं आहे? यात तर वेगळंच लिहिलंय."

"फार छान प्रश्न," संचालकबाई म्हणाल्या. "चहाच्या वेळी सविस्तर बोलू."

चहाच्या वेळी त्या पाहुण्यांना निरोप द्यायला गाडीपर्यंत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. म्हातारा कप हातात धरून दाराकडे बघत उभा होता. मी त्याला मावशीचा नंबर लिहून दिला. तेवढंच हातात होतं.

सोमवारी मला पत्र मिळालं. संस्थेच्या साहित्यात अनधिकृत फेरफार. नोकरी राहिली, पण मुलाखती काढून घेतल्या. आता मी सभांची इतिवृत्तं टाइप करते. त्यात सगळे पूर्ण वाक्यांत बोलतात आणि कुणी काही सांगत नाही.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. संस्थेचा माणूस त्यांच्या गावात अहवाल वाटून गेला होता. शेजारच्या पोराने तो आणून तिलाच दाखवला होता. "माझं ऐकत नाही गं तो," ती म्हणाली. "तू ये आणि ती पानं घेऊन ये."

रविवारी दोन बस बदलून मी पोचले. मावशी माझ्या कल्पनेपेक्षा बुटकी निघाली. तिने मला नीट न्याहाळलं, म्हणाली, "आवाजावरून जाड वाटली होतीस," आणि सरळ शेजारच्या शेतावर घेऊन गेली.

शेजारचा तरुण बांधावर पाइप जोडत होता, बायको रोपांच्या ट्रे उचलून ठेवत होती. मावशीने माझ्याकडची पानं त्याच्या हातात दिली. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग आत जाऊन अहवाल घेऊन आला आणि पान चौदा उघडलं.

"काकू, पुस्तकात असं कुठे आहे? ह्या बाईंना तर जमलंय की."

"अरे, ते माझं बोलणं आहे!"

"तुमचं कसं? फोटो दुसऱ्याच बाईंचा आहे."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, चौकट, अठरा शब्द, संमती, गाजरं. सांगताना माझंच मला पटेनासं झालं. तो आदराने ऐकत होता, पण डोळे परत परत त्या गुळगुळीत पानाकडे जात होते. माझ्या हातात होत्या दोन झेरॉक्स, एक कोपरा बसमध्ये दुमडलेला.

"म्हणजे संस्थेने मुद्दाम चुकीचं छापलं?" त्याने विचारलं.

"चुकीचं नाही," मी म्हटलं. "अर्धं."

"अर्धं तर अर्धं. बरोबर तर आहे ना?"

मी शेवटून दुसरं पान काढलं. मुंगीएवढा आलेख. तो डोळ्याजवळ नेऊन बघत राहिला. "यातलं काही दिसत नाही," म्हणाला आणि पुन्हा पाइपाकडे वळला. मला त्याच्या हातातला अहवाल घेऊन विहिरीत टाकावासा वाटला. मावशी तर बांधावर खालीच बसली. दोन वर्षं हिने त्याच्या डोळ्यांसमोर कोबी लावला होता आणि आता स्वतःचं बोलणं स्वतःचंच आहे हे हिला शाबित करावं लागत होतं.

त्याची बायको मात्र ट्रे खाली ठेवून आली. तिने ती दोन पानं हातात घेतली, बोट ठेवून ठेवून वाचली. घाई केली नाही.

"काकू," ती म्हणाली, "निम्मा म्हणजे गड्डेच निम्मे, की गड्डा लहान?"

"गड्डा लहान. आणि किडीने गेले ते वेगळे."

"सगळ्या जमिनीवर?"

"सगळ्या. तीच चूक झाली माझी. आधी दोन वाफे करून बघायला हवे होते."

ती नवऱ्याकडे वळली. "ऐकतोयस का? दोन वाफे म्हणतायत."

"पुस्तकात वाफ्यांचं काही नाही," तो म्हणाला. पण त्याने पाइप खाली ठेवला होता.

"पुस्तक राहू दे," ती म्हणाली आणि मावशीसमोर उकिडवी बसली. "पहिल्या वर्षी गड्डा केवढा आला होता? नीट दाखवा."

मावशीने दोन्ही तळहात समोर धरून आकार दाखवला. क्षणभर विचार केला आणि हात आणखी जवळ आणले.

तो तरुण दोन पावलं पुढे आला. "एवढाच?"

"एवढाच," मावशी म्हणाली.