सुईची परीक्षा

प्रथिनांचे स्फटिक वाढवण्यात हयात घालवलेल्या त्या संशोधकांना सारी प्रयोगशाळा ‘शास्त्रीबुवा’ म्हणे. अलीकडे एका औषधाने त्यांचा छळ मांडला होता. औषधाने प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसावे आणि दोघांचा मिळून एक स्फटिक व्हावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. पण औषधाला पाण्याचे वावडे! सेंद्रिय विद्रावकात ते मुकाट विरघळे. प्रथिनाच्या पाणीदार थेंबात पडले, की रुसलेल्या जावयासारखे पांढरी भुकटी होऊन दाराशीच बसे.

सोमवारी स्फटिकाची आतली रचना टिपणाऱ्या क्ष-किरण यंत्रावर शास्त्रीबुवांची पाळी होती. स्फटिक नसेल, तर ती शेजारच्याच टेबलावर काम करणाऱ्या त्यांच्या मेहुण्याला मिळणार होती. आणि मेहुण्यापुढे हार पत्करणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

शुक्रवारी थेंबात एक टोकदार, लखलखीत स्फटिक उगवला. शास्त्रीबुवांनी सूक्ष्मदर्शकाभोवती दरबारच भरवला.

“भाऊजी, सुई लावून पाहिलीत का?” मेहुण्याने विचारले.

“सौंदर्याला पुरावा लागत नाही.”

“ताईच्या चहात साखर आहे याला मात्र रोज लागतो!”

हशा पिकला. शास्त्रीबुवांनी तणतणत सुई टेकवली. प्रथिनाचा स्फटिक म्हणजे निम्मे पाणीच. तो ओल्या साबणासारखा निमूट चुरतो. हा मात्र ‘कट्ट’ वाजला आणि सुई वाकली. औषधाने प्रथिनाला वगळून स्वतःपुरताच संसार थाटला होता!

त्या संतापातच त्यांना चूक उमगली. प्रथिन घट्ट झाल्यावर शास्त्रीबुवा औषध एकदम ओतत होते. या खेपेस त्यांनी प्रथिन पातळ असतानाच औषध थोडेथोडे सोडले, मुरू दिले आणि मगच दोघांना एकत्र आटवले.

सोमवारी सकाळी साऱ्या थेंबांत मिळून एकच स्फटिक निघाला. ओबडधोबड, पण निघाला.

“हाही दगडच दिसतोय, भाऊजी.”

शास्त्रीबुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी सुई उचलली आणि टेकवली. कसलाही आवाज न होता स्फटिक अलगद चुरला.

“पाहिलंस? प्रथिन! अस्सल प्रथिन!”

मेहुण्याने वाकून पाहिले. “खरंच की! हरलो बुवा. आता यंत्रात काय ठेवणार?”

शास्त्रीबुवांनी सुईचे टोक सावकाश पुसले.

“यंत्र तू घे,” ते भारदस्तपणे म्हणाले. “माझा मुद्दा सिद्ध झालाय.”

“आणि ताईला काय सांगू?”

“सांग, की वाद मी जिंकलो.”