नावाडिणीचा स्वभाव

"काका, नावाडिणीला सकाळपासून अकरा मागण्या आल्यात."

"बायकांच्या किती?"

"नऊ. उरलेले दोघं पुरुष. त्यातला एक म्हणतो, मी बायकोच्या वतीनं विचारतोय, ती दोन दिवस जेवत नाहीये."

"आणि दुसरा?"

"त्याला नावाडिणीच्या वडिलांशी लग्न करायचंय."

काकांनी चष्मा पुसला. "सगळ्यांना चार नंबरचं उत्तर पाठव. वडीलवाल्यालासुद्धा. फक्त वडील दुसऱ्याच प्रसंगात वारलेत, हे त्याला जरा हळुवारपणे कळव."

ही खोली लग्न जुळवणाऱ्या संस्थेची नव्हती. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीची ती तक्रार-खोली होती. खेळाडू खेळतात, चिडतात आणि लिहितात. ते वाचून उत्तर द्यायचे काम दोघांचे होते. एक चष्मेवाली मुलगी आणि दुसरे काका. कंपनीतल्या सगळ्यांच्या वयाची बेरीज करून भागाकार केला तर सव्वीस यायचे. काकांना वगळले तर चोवीस. इथे येण्यापूर्वी काकांनी वीस वर्षे पाण्याच्या पंपांची माहितीपत्रके लिहिली होती. "पंप सुरू करण्यापूर्वी पाणी असल्याची खात्री करावी" हे वाक्य त्यांचे. त्यांची भाषा पाहूनच त्यांना इथे घेतले होते, आणि पंप व प्रेम यांत उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक नसतो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळले होते.

खेळ असा होता : तुम्ही वीर व्हा किंवा वीरांगना, राक्षसांपासून राज्य वाचवा आणि जाता जाता जमले तर प्रेमात पडा. प्रेमात पडण्याजोगी सात पात्रे होती. कोण कोणाला वश होणार हे आधीच ठरलेले. सेनापती फक्त वीरांगनेला भुलणार. जादूगार दोघांनाही, कारण जादूगारांचे काही सांगता येत नाही. आणि नावाडीण फक्त वीराला. राक्षस मारताना तुम्ही बाई की पुरुष हे कोणी विचारत नसे. ती चौकशी नदीकाठी होई.

नावाडीण फार गोड केली होती. कमी बोलायची, दोर आवळताना ओठ चावायची. पाच फेऱ्या तिच्या नावेतून केल्या की सहाव्या फेरीला ती वीराला म्हणायची, "आज पलीकडे नको जाऊस. थांब." वीरांगनेला म्हणायची, "तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं." आणि पलीकडे नेऊन सोडायची.

त्यावरून पत्रांचा पूर लोटला. एकीने लिहिले, मी तिला सत्तावीस मासे दिले, तिने सगळे घेतले, तेव्हा नाही आठवली का मैत्री? एकाने लिहिले, माझा वीर सेनापतीसाठी तीन वेळा मेला, निदान खांद्यावर हात तरी ठेवू द्या. उलट बाजूचेही होते. नावाडीण आहे तशी राहू द्या, नाहीतर उद्या पूलसुद्धा लाजायला लागतील, अशी धमकी एका गृहस्थाने सलग सहा दिवस दिली. आणि एका विद्यार्थिनीने शांतपणे लिहिले होते : ती नाही म्हणू शकते म्हणूनच ती मला खरी वाटते.

हे वाक्य काकांना इतके आवडले, की त्यांनी ते थोडे धुऊन-पुसून उत्तर क्रमांक चारमध्ये घेतले. "आपल्या भावनांचा आम्हांला पूर्ण आदर आहे. परंतु नावाडिणीचा स्वभाव विचारपूर्वक घडवलेला आहे. तिच्या नकाराचाही आपण तितकाच आदर कराल, अशी खात्री वाटते." हे उत्तर आले की लोक गप्प बसत. नकाराचा आदर करायचा नाही असे कोण म्हणणार?

त्या रविवारी दुपारी काका ताईकडे गेले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, अडुसष्ट वर्षांची, मोठ्या इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्या वॉर्डात डॉक्टरही बूट पुसून येत. घरात ती आता एकटीच होती. शिवणबाई चार महिन्यांपूर्वी गेल्या होत्या.

शिवणबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. एकतीस वर्षांपूर्वी त्या ताईच्या घरी एक ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन राहायला आल्या, खोली मिळेपर्यंत. खोली काही मिळाली नाही. घरच्या मंडळींनी त्यांना "ताईची मैत्रीण" म्हणून टाकले आणि विषय मिटवला. लग्नाकार्यात दोघींना एकच आमंत्रण जाई, एकच भेटवस्तू येई, आणि त्यापुढे कोणी काही विचारत नसे. हा आपल्या घराण्याचा मोठेपणा आहे, असे काकांचे बरेच वर्षे मत होते.

शिवणबाई गेल्यावर ताईचा वेळ जावा म्हणून काकांनीच तिच्या टॅबवर आपल्या कंपनीचा खेळ घालून दिला होता.

"तुमच्याकडे ही उत्तरं कोण लिहितं रे?" चहा ठेवता ठेवता ताईने विचारले.

"कसली उत्तरं?"

"ती बघ. टॅबवर आहे. मी पत्र पाठवलं होतं."

काकांनी टॅब उचलला. ताईने 'संथ पाणी' या नावाने लिहिले होते. "नावाडिणीच्या नावेतून सहा फेऱ्या केल्या. रोज एक, सकाळी नऊ वाजता. सहाव्या फेरीला तिने मला मैत्रीण म्हणून उतरवले. माझी काही चूक झाली असल्यास कळवावे. तिच्याजवळ नुसते थांबता येईल का, एवढेच विचारायचे आहे." खाली उत्तर क्रमांक चार होते. एकदा नव्हे, दोनदा. पत्रही दोनदा आले होते, आणि काकांनी दोन्ही वेळा ते चाळीस सेकंदांत निकालात काढले होते.

"भाषा फार चांगली आहे," ताई म्हणाली. "अगदी हात स्वच्छ धुऊन घेतल्यासारखी. कोण आहे?"

"आहे एक जण," काका म्हणाले. "म्हातारा आहे."

"तरीच."

काकांनी चहा पोळेल इतक्या घाईने प्यायला. त्यांना ताईच्याच जुन्या इस्पितळातला फॉर्म आठवत होता. शिवणबाईंना अतिदक्षता विभागात हलवले तेव्हा ताई कागदपत्रे आणायला घरी गेली होती आणि फॉर्म काकांनी भरला. "सोबत असलेल्या व्यक्तीचे रुग्णाशी नाते" असा एक रकाना होता. खिडकीतली मुलगी पेन आपटत होती, मागे रांग होती. काकांनी पंपाच्या माहितीपत्रकाइतक्या स्वच्छ अक्षरात लिहिले : घरमालकीण. खोटे नव्हते. घर ताईच्याच नावावर होते.

आत फक्त नातेवाइकांना सोडत. तिथली नवी परिचारिका ताईला म्हणाली होती, "सिस्टर, तुम्ही या आत, तुम्हाला कोण विचारणार?" ताईने फॉर्म मागितला, वाचला, परत दिला आणि बाहेर बाकावर बसली. हा नियम तिने स्वतः चौतीस वर्षे राबवला होता; किती जणांना तिने अशाच एखाद्या शब्दावरून बाहेर बसवले होते. ती नऊ दिवस बसली. नवव्या दिवशी आत जायचे कारण उरले नाही. काकांना ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

सोमवारी काका दुसऱ्या मजल्यावर दाढीवाल्याकडे गेले. खेळाच्या आतली तारांची जुळणी, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचे काम, तो करायचा.

"नावाडिणीचा स्वभाव बदलायला किती दिवस लागतील?"

"कसला स्वभाव?"

"ती बायकांना नाही म्हणते तो."

दाढीवाला हसला. "काका, तो स्वभाव नाही, कुलूप आहे. तिचं सगळं बोलणं वीर आणि वीरांगना दोघांसाठी रेकॉर्ड केलेलं आहे. 'थांब' पण. आवाज देणाऱ्या बाईनं तर वीरांगनेसाठीचं जास्त छान म्हटलंय. पण तपासायला वेळ उरला नव्हता, तर मॅडम म्हणाल्या, एक वाट बंद करा. केली."

"पण मी लोकांना लिहितोय की विचारपूर्वक..."

"वाचलं मी. भारी लिहिलंय. आम्हाला पण खरं वाटायला लागलं होतं."

काका जिना चढून थेट मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे कंपनीच्या प्रमुख; त्या काकांच्या धाकट्या मुलीहून लहान होत्या आणि त्यांना प्रेमाने वागवत, म्हणजे त्यांचे ऐकत नसत.

"काका, आता उघडलं तर ओरडणारे दुसरे ओरडतील. आणि आपणच लिहिलंय ना, तिचा स्वभाव तसा आहे म्हणून? सुंदर लिहिलंय तुम्ही."

"मी खोटं लिहिलंय."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"विचारलं नव्हतं," काका म्हणाले. "ती नाही म्हणाली असती तर मी मान्य केलं असतं, मॅडम. तिला नाही म्हणू द्या खुशाल. पण ती नाही म्हणालेली नाही. तिचं तोंड आपण धरलंय आणि वर मी लोकांना आदर करायला सांगतोय."

मॅडमनी दाढीवाल्याला फोन लावला. अकरा वर्षांत काकांनी आवाज चढवल्याची नोंद नव्हती. आताही तो चढला नव्हता, थोडा फाटला होता.

कुलूप काढायला दाढीवाल्याला पाच मिनिटे लागली. तपासायला तीन आठवडे. चष्मेवालीने वाट उघडल्याच्या पहिल्या दिवशी आलेली पत्रे मोजायचे सोडून दिले. सत्तावीस मासेवालीने फक्त "बघा" एवढेच लिहिले होते. पुलांची काळजी करणाऱ्या गृहस्थांनी खेळ कायमचा सोडत असल्याचे जाहीर केले, आणि नंतर त्याच दिवशी आणखी दोनदा जाहीर केले. ज्या विद्यार्थिनीचे वाक्य काकांनी उचलले होते, तिने विचारले की आता नावाडिणीचा नकार कुठे गेला? त्या पत्राला कुठलाच नंबर लागू पडेना. काकांनी ते बाजूला ठेवले.

रविवारी ते ताईकडे गेले ते पायऱ्या भरभर चढतच. "टॅब काढ. नावेत बस."

"तुझं काय चाललंय? मी रोज बसतेच."

"आज बस तर खरी."

ताईने चष्मा लावला. नाव निघाली, मध्यावर आली. नावाडिणीने दोर आवळता आवळता ओठ चावला आणि म्हणाली, "आज पलीकडे नको जाऊस. थांब."

खाली दोन पर्याय आले होते, थांबते आणि जाते. ताईने बोट कुठेच लावले नाही. पडद्यावरचे पाणी नुसते हलत राहिले.

"हे नवीन केलंत?"

"नाही. आतच होतं. पहिल्यापासून."

"मग बंद कोणी केलं होतं?"

"मुद्दाम असं कोणी नाही ग. वेळ नव्हता."

"हं," ताई म्हणाली. "तुलाही नव्हता. खिडकीपाशी रांग होती."

"ती उत्तरं मी लिहितो, ताई," काका म्हणाले.

"माहीत आहे. 'खात्री वाटते' असं आपल्या घरात दुसरं कोण म्हणतं?" तिने टॅब टेबलावर ठेवला. "मी नऊ दिवस वाट बघितली तुझी. रोज येत होतास, डबा आणत होतास. मला वाटायचं, आज हा खिडकीशी जाईल आणि तो शब्द खोडेल. मला आत सोडत होते रे ते. मीच गेले नाही. फॉर्मवर नव्हते मी."

"तू सांगायचंस."

"मी काय सांगायचं? तुला माहीत नव्हतं?"

माहीत होते. एकतीस वर्षे माहीत होते.

ताई उठली. कपाटातून एक कोरा कागद आणि पेन आणून तिने त्यांच्यासमोर ठेवले. "लिही."

"काय?"

"त्या रकान्यात काय लिहायचं होतं ते."

ज्या माणसाने हजारो अनोळखी लोकांना त्यांच्या प्रेमाबद्दल उत्तरे दिली होती, तो पेन धरून बसून राहिला. जे शब्द सुचत होते ते कोर्टातले तरी होते नाहीतर नाटकातले. शिवणबाई जेवताना ताईच्या ताटातली मिरची न विचारता उचलायच्या, त्याला काय म्हणतात? शेवटी त्यांनी रुग्णाचे नाव लिहिले, ताईचे नाव लिहिले, आणि नाते या शब्दापुढे लिहिले : घरची.

ताईने कागद लांब धरून वाचला.

"एवढंच होतं," ती म्हणाली. मग तो परत त्यांच्यापुढे सरकवला. "तारीख घाल. वेळ घाल."

काकांनी त्या दिवसाची, फॉर्मची तारीख लिहायला घेतली. ताईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मागची तारीख घालायची नाही. वॉर्डात मी मुलींना हेच शिकवलं. उशिरा केलेली नोंद उशिराचीच दिसली पाहिजे."

काकांनी लिहिलेला आकडा एका रेघेने खोडला. आजची तारीख घातली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, चष्म्यातून नीट दिसेना म्हणून उठून जवळ गेले, परत येऊन लिहिले : दुपारी चार वाजून दहा मिनिटे. मग खाली सही केली आणि कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.