फक्त या वेळी

तीन महिने ज्योतीरामने आपला फोन रुमालात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला होता. कंपनीचा निरोप आला आहे काय, हे पाहण्यापुरता तो दिवसातून एकदा बाहेर निघे. बोलणेचालणे पत्नीच्या फोनवरून चाले.

चाकणच्या ज्या कारखान्यात तो एकोणीस वर्षे पत्रा कापणारा प्रेस चालवत होता, तेथे फाटकावरचा पहारेकरी प्रत्येकाच्या फोनच्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल चिकटपट्टी लावी आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिही. पट्टी एकदा सोलली की तिच्यावर पांढरी जाळी उमटे आणि ती पुन्हा पूर्ववत होत नसे. कामगार तिला मोहोर म्हणत. शिफ्ट सुटली की फाटकाबाहेर ती सोलून टाकावी, असा शिरस्ता होता.

बारा फेब्रुवारीस संरक्षक जाळी काढून ठेवलेल्या एका प्रेसखाली एका कामगाराची दोन बोटे गेली. तासाभरात त्या उघड्या प्रेसचे छायाचित्र शेकडो फोनांवर पोचले. ते ज्योतीरामने काढले असे व्यवस्थापनाने ठरवले, कारण त्या संरक्षक जाळीविषयी पूर्वी तक्रार केली होती ती त्यानेच. त्याच दुपारी त्याला निलंबनाचे पत्र देऊन बाहेर काढण्यात आले. त्या गोंधळात मोहोर सोलायची राहून गेली. मोशीच्या बसमध्ये बसल्यावर त्याच्या ध्यानात आले की राहिली तेच बरे झाले. बारा तारखेची मोहोर जर अभंग असेल, तर बारा तारखेस या फोनाने छायाचित्र काढलेच कसे?

युक्तिवाद निर्दोष होता. पहिल्या दोन सुनावण्यांत चौकशी अधिकाऱ्यांनी तो ‘पुराव्याच्या वेळी पाहू’ म्हणून बाजूला ठेवला. पुराव्याची वेळ आली, तेव्हा सुनावणी ऑनलाइन झाली. नोटिशीत लिहिले होते: नोंदणीकृत क्रमांकाच्या स्वतःच्याच फोनवरून उपस्थित राहावे, कॅमेरा चालू असावा, खोलीत अन्य कोणी नसावे, तारीख पुन्हा मिळणार नाही. या सुनावणीवर नोकरी राहणार होती किंवा जाणार होती.

त्या सकाळी शेजारची नेहा माणच्या ऑफिसला निघण्यापूर्वी फोन लावून द्यायला आली.

“काका, माझ्या लॅपटॉपवरनं लावू या ना. म्हणजे हा फोन तुम्हाला नुसता हातात धरून दाखवता येईल.”

“नोटिशीत स्वतःच्याच फोनवरून म्हणलंय, बाई.”

“कुणाला कळतंय?”

“कळायचा प्रश्नच न्हाई. लिहिलंय ते लिहिलंय.”

“त्यांच्या नादी लागू नकोस,” आतून त्याची पत्नी विजयश्री म्हणाली. “आमच्या लग्नात भटजी बसा म्हणायचं विसरले, तर हे अर्धा तास उभे होते.”

पडद्यावर प्रश्न आला: मायक्रोफोन वापरण्याची अनुमती द्यायची का? सवयीने ‘नकार’वर जाणारी बोटे नेहाने आवरली आणि फोन त्याच्या हाती दिला. “तुम्हीच दाबा.” तीन पर्यायांतून ज्योतीरामने ‘फक्त या वेळी’ निवडला. कॅमेऱ्यालाही त्याने तेवढीच अनुमती दिली. चौकट काळीच राहिली.

“पुढची पट्टी काढावी लागणार, काका.”

त्याने मनाशी हिशेब मांडला. छायाचित्र काढले असे म्हणतात ते मागच्या कॅमेऱ्याने. तेव्हा पुढच्या मोहोरेचा वादाशी संबंध नाही. शिवाय कॅमेरा चालू ठेवा, हा हुकूम त्यांचाच. त्याने नखाने पट्टी सोलली. तिच्यावर जाळी उमटली आणि चौकटीत त्याचा चेहरा आला.

नेहाने आपल्या फोनने मागच्या अभंग मोहोरेचा फोटो काढून त्याला पाठवला. “त्यांनी विचारलं की हे हिरवं बटण. स्क्रीन शेअर. फोटो दिसेल त्यांना.” ती बससाठी पळाली. विजयश्री जिन्यात जाऊन बसली.

साडेदहाची सुनावणी होती. ‘लवकरच तुम्हाला आत घेतले जाईल’ या ओळीसमोर तो कॅमेरा चालू ठेवून पावणेबारापर्यंत बसला. वरच्या मजल्यावरचे ते घर, मे महिना. फोन हातात तापत गेला.

मग दोन चेहरे उमटले. एक चौकशी अधिकारी वकीलसाहेब, दुसरा व्यवस्थापनाचा प्रतिनिधी सिद्धेश.

“मोहोर अभंग आहे म्हणता ना?” सिद्धेशने विचारले. “मग आत्ता आम्हाला दिसताय कसे?”

“पुढची काढली, साहेब. आत्ताच. तुम्ही कॅमेरा चालू करा म्हणालात म्हणून.”

“कुणाच्या परवानगीने?”

“नोटिशीच्या.”

“नोटिशीत कॅमेरा चालू ठेवा म्हटलंय, मोहोर काढा म्हटलेलं नाही.” सिद्धेश किंचित हसला. “लिहून घ्या सर. मोहोर स्वतः काढल्याचं मान्य.”

“मागची तशीच हाय! फोटो दावतो.” त्याने हिरवे बटण दाबले. ओळ आली: आयोजकाने स्क्रीन शेअर करण्याची अनुमती दिलेली नाही.

“साहेब, अनुमती तुमच्याकडून पाहिजे म्हणतंय.”

“ते तुमच्याच सेटिंगमध्ये असेल,” वकीलसाहेब म्हणाले. “आणि आजचा फोटो काय सिद्ध करणार? मूळ वस्तू दाखवा.”

मूळ वस्तू त्याच्या हातात होती आणि तिच्यातूनच तो बोलत होता. फोनला स्वतःची पाठ दाखवता येत नाही. एवढ्यात त्याला सुचले. त्याने मागचा कॅमेरा सुरू केला. चौकट पूर्ण काळी झाली.

“बघा, साहेब,” तो म्हणाला, आणि तीन महिन्यांत प्रथमच त्याच्या आवाजात जोर आला. “हा अंधार बघा. मोहोर हाय म्हणूनच हा अंधार हाय.”

“ज्योतीराम, तुमचा कॅमेरा बंद झालाय.”

“बंद न्हाई, साहेब! चालू हाय. दिसत न्हाई हाच तर—”

“एको येतोय सर, म्यूट करतो,” सिद्धेश म्हणाला.

वकीलसाहेबांनी टिपण वाचले. कामगाराने मोहोर काढल्याचे मान्य केले. संधी देऊनही पुरावा सादर केला नाही. सुनावणी चालू असता कॅमेरा बंद केला. “हरकत आहे?” त्यांनी विचारले. ज्योतीरामने तीनदा हरकत आहे म्हटले, चौथ्यांदा ओरडून म्हटले. जिन्यातून विजयश्री धावत आली. “हरकत नाही,” वकीलसाहेबांनी लिहून घेतले, आणि चेहरे विझले.

“दिसलं का त्यांना?” तिने विचारले.

“दिसलं. बंद हाय म्हणाले.”

“मग दुसरीकडं दावू की. कोर्ट हाय, लेबर ऑफिस हाय. मोहोर तर हाय ना जाग्यावर?”

त्याने फोन पालथा केला. इतका वेळ तापून जुना गोंद पातळ झाला होता. मोहोरेची एक कड उचलली गेली होती आणि तिच्याखाली पांढरी जाळी उमटू लागली होती. त्याने घाईने त्यावर अंगठा दाबला.

विजयश्रीने जेवायला वाढले. तो जेवायला बसला नाही; जेवायचे तर अंगठा उचलावा लागला असता.