पाच सीटा, सहा माणसं

एकतीस वर्षं मी कंडक्टर होतो, हुमनाबाद-गुलबर्गा लाइनवर. माणूस बसमध्ये चढला की मला कळायचं, याच्या खिशात तिकिटाचे पैसे आहेत की हा विदाऊट जाणार आहे. विदाऊट जाणारा उगाच गोड बोलतो. म्हणून आमच्या घरातले सगळे माझ्याशी एकदम गोड बोलायला लागले, तेव्हा मी कान टवकारले.

ही दोन हजार बाराच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुतण्या सुनीलकुमार हैदराबादला नोकरीला. बायको भाग्यलक्ष्मी आणि लेक प्रतीक्षा त्याच्याजवळच असतात. सुट्टीला आमच्या गावी, खटकचिंचोळीला आला आणि म्हणाला, आता आई-अप्पांना घेऊनच जातो, शेत बटईनं देऊ. अप्पा म्हणजे माझा धाकटा भाऊ मल्लेश, आई म्हणजे अनसाबाई. मी लग्न केलं नाही, मल्लेशच्या घरातच राहिलो. थोरल्या चुलत्याला आमच्याकडे कन्नडासारखं दोडप्पाच म्हणतात. सुनील मला म्हणाला, "दोडप्पा, तुमी बी चलायचं." एकदाच म्हणाला. ज्याला खरंच न्यायचं असतं तो दोनदा म्हणतो.

माझं पित्त खवळलं ते गाडीवरून. एवढ्या जणांना न्यायचं, पुढंही सणावाराला यायचं-जायचं, म्हणून त्याला नवी गाडी घ्यायची होती. दोन गाड्या मनात होत्या. एक बेताची, पाच सीटांची. दुसरी ट्रकच्या धाकट्या भावासारखी, सात सीटांची. आणि पठ्ठ्या पाच सीटांचीच घेऊ म्हणत होता.

मी बोटांवर मोजलं. सुनील, भाग्यलक्ष्मी, मल्लेश, अनसाबाई, मी. झाले पाच. प्रतीक्षा सहावी. गेल्याच महिन्यात तिला सहा वर्षं पूर्ण झाली, म्हणजे हाफ तिकीट, आणि हाफ तिकिटाला सीट द्यावी लागते. मग या सहांतून उतरणार कोण? नवराबायको उतरत नाहीत, आईबाप उतरत नाहीत, लेकरू उतरत नाही. राहिला कोण तो मला दिसतच होता. घराला कुलूप घालायचं आणि किल्ली सांभाळायला मला ठेवायचं, असा डाव होता. या वयात एकट्यानं भाकरी थापायची आणि भिंतींशी बोलायचं, या विचारानं मला खरोखर भीती वाटली.

त्यात माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून गेलेला. हालत्या बसमध्ये इतकी वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? पण ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणी नसेल तेव्हा तेल चोळायचं, चारचौघांत ताठ चालायचं. धडधाकट माणसाला मागं ठेवायला निघालेत, लंगड्याला कोण विचारणार?

एका दुपारी माझा डोळा लागला असं समजून सुनील आत आला. खिशातून टेप काढला आणि जमिनीपासून माझ्या बाजेची उंची मोजून गेला. मी डोळे मिटूनच होतो, पण अंगाचा तिळपापड झाला. माणूस अजून बाजेवर आहे आणि हे बाज विकायला निघालेत!

दोन दिवसांनी तो मला गुलबर्ग्याच्या शोरूमला घेऊन गेला. फक्त मलाच. तिथंही मी सावध होतो. लहान गाडीत बसायला सांगितलं, मी दार उघडून बसलो आणि पहिल्यांदा सीटा मोजल्या. पाचच. सुनील माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होता. माझ्या जुन्या चपलांची त्याला त्या चकचकीत फरशीवर लाज वाटत असणार, असं मी धरून चाललो.

मग मोठी गाडी बघितली. तिची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. सेल्समन पोरगा म्हणाला, "बसून बघा ना, अंकल."

"मला न बसता कळतं," मी म्हणालो आणि टायरला हळूच लाथ मारून बाजूला झालो. चढता येणार नाही हे मला तिथंच दिसलं होतं. पण चढायचं पुढं बघू, आधी सीट तर पाहिजे.

घरी आल्यावर ओट्यावर बैठक बसली. गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा दुकान असलेले गुरुशांतप्पा पण चहाला आले होते. साक्षीदार आयताच मिळाला, म्हणून मी विचारलंच.

"सुनील, घरात माणसं सहा. गाडीत सीटा पाच. सहावं कोण ते सांग."

"प्रतीक्षा मांडीवर बसंल की, दोडप्पा."

"आज बसंल. वरसानं? तवा कुणाला उतरवतूस?"

गुरुशांतप्पांनी कपबशी खाली ठेवली. मल्लेशचा चेहरा लाल झाला.

"मोठीच घे," तो पोरावर ओरडला. "थोरल्या भावाला जागा मागायची येळ आणायलास व्हय रं?"

भाग्यलक्ष्मीनं तोंड उघडलं होतं. सुनीलनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बरं. मोठीच घेतो." मी जिंकलो होतो. तरी जेवताना माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, तिनं काय गिळलं?

दुसऱ्या दिवशी तिनं ते ओकून टाकलं. मी हौदावर हातपाय धुत होतो आणि तिचा राग नाकावर होता.

"तुमच्यासाठीच ते लहान गाडी म्हणायलते, दोडप्पा. तुमचा गुडघा दुखतोय म्हून. बाजेवरनं तुमी सहज उठताव, तेवढ्याच उंचीची सीट हुडकायलते. टेप घिऊन चार शोरूम फिरले. आजून बुकिंग झालं न्हाई. तुमी एक शब्द बोला."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?" मी म्हणालो, आणि ती बघत असताना ताडताड चार पायऱ्या चढून आत गेलो. आत जाऊन भिंत धरली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरीही मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बाई हुशार आहे. म्हाताऱ्याच्या तोंडूनच पाच सीटांना हो म्हणवून घ्यायचं! पण त्या रात्री बाजेवरून उठलो तेव्हा गुडघा खरंच कुरकुरला नाही. मी परत बसलो, परत उठलो. खरं असेल का हे? असलं तरी आता बोलायचं काय? बोललो तर गुडघा कबूल. मी गप्प बसलो आणि मोठी गाडी बुक झाली.

जायचा दिवस आला. पांढरी शुभ्र गाडी दारात उभी, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू. सामान टेम्पोनं आदल्या दिवशीच गेलेलं. कुलूप लागलं आणि किल्ली गुरुशांतप्पांच्या हातात गेली. ती माझ्या हातात आली नाही, हे मी बघितलं आणि आतून हललो. मल्लेश पुढं बसला. अनसाबाई आणि भाग्यलक्ष्मी मधल्या सीटवर बसल्या, प्रतीक्षा आईच्या मांडीवर. दाराजवळची जागा माझ्यासाठी सोडली होती. मागच्या सीटा तशाच रिकाम्या.

"चला, दोडप्पा," सुनील म्हणाला.

मी उगाच मागचं टायर बघितलं. दार तपासलं. अर्धी गल्ली बघायला जमली होती. मग दांडी धरली, डावा पाय वर टाकला आणि उजव्यानं रेटा दिला. गुडघ्यातून अशी कळ निघाली की पाय परत जमिनीवर आला. दुसऱ्यांदाही तेच. उजवा पाय आधी टाकून बघितला, तो पायरीपर्यंत पोचलाच नाही. गाडीत आणि गल्लीत सगळे कुठंतरी दुसरीकडेच बघायला लागले. दोन वर्षं हे सगळे असंच दुसरीकडे बघत आले असणार, हे मला तेव्हा उमगलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनील खाली उतरून माझ्याजवळ आला. हात पुढं केला नाही, नुसता उभा राहिला.

"तू सांगिटलं न्हाईस कामून?" मी हळूच विचारलं.

"तुमी लपवायलते. मी चारचौघांत कसं बोलू?"

तुम्ही जा, मी राहतो, असं एकदा ओठांवर आलं. ते बोललो असतो तर ताठ मानेनं घरी परत गेलो असतो, आणि मला मागं टाकणारा माणूस मीच ठरलो असतो.

"सुनील, गुडघा गेलाय माझा," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो, गुरुशांतप्पांना ऐकू गेलं असेल. "मला चढवत न्हाई. धर मला."

त्यानं एक हात पाठीमागून घातला, दुसरा मांड्यांखाली, आणि मला उचलून सीटवर ठेवलं. लहानपणी त्याला मी असाच बसमध्ये उचलून घ्यायचो की नाही, मला आठवत नाही. पाय आत घेऊन त्यानं माझं धोतर सारखं केलं, दारात सापडू नये म्हणून.

"उतरताना बी सांगायचं, दोडप्पा. आपलं आपण उतरायचं न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.