बारा खराटे

तपासणीच्या आठ दिवस आधी मुख्याध्यापक बाबाराव गुरुजींनी सातवीच्या वर्गाला जे शिकवलं, ते कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं. डिप्टी साहेब शुक्रवारी येणार होते. त्यांनी प्रश्न विचारला रे विचारला की चाळीसच्या चाळीस पोरांनी हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना चाळीस हात दिसतील, गुरुजी उजव्यांतला एक निवडतील आणि तो पोरगा पाठ केलेलं घडाघडा ओकून मोकळा होईल. याला म्हणे शाळेची इभ्रत.

त्याची रोज तालीम चालायची. गुरुजी विचारायचे, "त्रैराशिकाची रीत?" आणि पोरं एका सुरात म्हणायची, "दुसऱ्या पदास तिसऱ्या पदाने गुणून पहिल्या पदाने भागावे म्हणजे चौथे पद मिळते." हे पद म्हणजे काय, ते कशाला गुणायचं, एकानंही विचारलं नाही आणि कोणी विचारलं असतं तर त्याच्या पाठीत छडी बसली असती.

सिंधूताई व्हरांड्यात पाण्याचा माठ भरत हे ऐकायची. अकरा वर्षं ती त्या शाळेत कामाची बाई म्हणून होती. घंटा तिची, झाडलोट तिची, सकाळी कुलूप उघडणं आणि संध्याकाळी लावणंही तिचंच. अकरा वर्षांत तिनं पुष्कळ पाहिलं आणि पुष्कळ गिळलं. पण त्या दिवशी गुरुजींनी शेवटच्या बाकाकडे छडी केली आणि म्हणाले, "जया, तुझा डावा. प्रश्न कोणताही येवो, तुझा डावाच." तेव्हा माठातलं पाणी काठावरून वाहून तिच्या पायांवर पडलं तरी तिला कळलं नाही.

जया तिची लेक. छप्पनच्या दीक्षेनंतरच्या साली झालेली. आपली पोर शिकेल, असं दीक्षेच्या त्या मैदानातून घरी परत येतानाच सिंधूताईनं ठरवून टाकलं होतं. आणि पोर हुशारही निघाली. घरी भाकरी थापता थापता ती आईला ग्रहण कसं लागतं ते तवा आणि लिंबू घेऊन दाखवायची. पण परीक्षेचा कागद पुढे आला की तिचं काहीतरी व्हायचं. बोटं गार पडायची, आलेलं सगळं कुठे पळून जायचं कोण जाणे. मागच्या साली शाळेच्या पूर्वपरीक्षेत तिनं गणिताच्या कागदावर आपलं नाव चार वेळा लिहिलं आणि बाकीचा कागद कोरा दिला. गुरुजींनी तो कोरा कागद वर्गापुढे वाचून दाखवला. नावापलीकडे एक ओळ नसलेला कागद, पण माणसानं पाच मिनिटं वाचला. पोरं हसून हसून लोळली.

त्या कोऱ्या कागदापायी गुरुजींनी तिचा केंद्राच्या परीक्षेचा फॉर्मच भरला नाही. यंदाही पूर्वपरीक्षेत तेच झालं. सिंधूताई विचारायला गेली.

"गुरुजी, जयाचा फॉर्म?"

"कायचा फॉर्म, सिंधूबाई? सहा वर्षं झाली, शाळेचा निकाल शंभर टक्के लागून राहिला. फाटकावर पाटी पाहता ना रोज? तुमच्या एका पोरीसाठी मी ते नव्याण्णव करू?"

"पण तिले येते गुरुजी. घरी सारं येते."

"घरी सगळ्यांनाच येते," गुरुजी म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

कच्च्या पोरांना परीक्षेला बसवायचंच नाही आणि मग शंभर टक्क्यांची पाटी रंगवायची! ही अक्कल गुरुजींना कोणी शिकवली होती कोण जाणे, पण ती मात्र त्यांना पाठ न करताही येत होती. फॉर्म शनिवारी सकाळी केंद्रावर जायचे होते. तिसऱ्यांदा सातवीत बसू देत नसत. फॉर्म गेला नाही तर जयाची शाळा संपली. नवरा देवाजी हिंगण्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं थकून यायचा. तो म्हणाला, "हुडकेश्वरले तिची मावशी आहे. संत्र्याच्या बागेत लावून देऊ. नशिबात नाही तिच्या." सिंधूताई त्या रात्री जेवली नाही. नशिबाचं नाव घेतलं की तिचं डोकं फिरायचं.

तिला पोरीला काय येतं ते ठाऊक होतं, कारण तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. जानेवारीत झेंड्याच्या खांबाचा दोर तुटला. गुरुजी नवा आणायला निघाले तेव्हा अंगणात जया आईचा खराटा घेऊन काहीतरी करत होती. लांब बांबूच्या दांड्याचा खराटा. तो तिनं उभा धरला, त्याची सावली विहिरीच्या जुन्या दोराच्या तुकड्यानं मोजली आणि तो तुकडा खांबाच्या सावलीवर टाकत गेली. सहा वेळा बसला. "माय, खांब सहा खराटे आहे," ती म्हणाली. "दोर वर जाईल, खाली येईल. बारा खराटे लागते. गाठीले थोडा जास्तीचा." सिंधूताई धावत गुरुजींकडे गेली आणि बारा खराटे सांगून आली. गुरुजी खो खो हसले. बाजारातून अंदाजानं छत्तीस फूट आणला. तो पुरला नाही, म्हणून त्याला जुना तुकडा जोडला. सव्वीस जानेवारीला ती गाठ वरच्या कप्पीत अडकली आणि झेंडा अर्ध्यावर लटकत राहिला. गुरुजी पाहुण्यांना म्हणाले, "एवढ्या उंच खांबाचा अंदाज कोणाला येणार?" कोणाला येणार! ती तेरा वर्षांची पोर समोरच रांगेत उभी होती.

शुक्रवारी साहेब आले. टेबलावर नोंदवह्यांचा ढीग, गुरुजींचं धुतलेलं धोतर, पोरांच्या केसांना थापलेलं तेल. सातवीची पाळी आली तेव्हा पावणेचार होत आले होते. सिंधूताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली.

साहेबांनी त्रैराशिकाची रीत विचारली. चाळीस हात वर. गुरुजींनी एक उजवा निवडला आणि त्यानं एका दमात दुसरं, तिसरं, पहिलं, चौथं पद म्हणून टाकलं. साहेबांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत एका ओळीवर थांबलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तो झेंड्याचा खांब. वर न चढता त्याची उंची कशी काढाल?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. पण पोरांना शिकवलं होतं तसं त्यांनी केलं. प्रश्न झाला की हात वर. एकोणचाळीस हात वर गेले आणि एकोणचाळीसच्या एकोणचाळीस डावे होते. शेवटच्या बाकावर एक उजवा होता.

गुरुजींच्या कपाळाला घाम फुटला. "हात चुकला तिचा, साहेब," ते घाईघाईनं म्हणाले. "ती जरा मागे पडलेली आहे."

पोरं फिदीफिदी हसली. साहेब म्हणाले, "असू द्या. बोल, बाळ."

जया उभी राहिली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिनं फ्रॉकची कड मुठीत धरली. वर्गातले सगळे मागे वळून तिच्याकडे बघत होते आणि तेच झालं, जे कोऱ्या कागदापुढे व्हायचं. दारात सिंधूताईच्या मनात आलं, या पोरीला हा एक हात वर करायला काय काय लागलं असेल, ते यांच्यातल्या एकाला तरी कळतं का?

"बस," साहेब म्हणाले आणि वहीचं पान उलटलं.

सिंधूताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आत आली आणि चहाचा ट्रे तिनं साहेबांच्या उघड्या नोंदवहीवरच ठेवला.

"साहेब, तिचं तोंड बंद झालं. हात नाही झाले."

"सिंधूबाई, बाहेर व्हा," गुरुजी ओरडले.

"बाहेरच जाऊन राहिली." तिनं जयाचं मनगट धरलं आणि तिला अंगणात नेलं. भिंतीला टेकवलेला खराटा तिच्या हातात दिला, विहिरीजवळचा तो तुकडा आणून दिला. "तोंड राहू दे. त्या दिवशी केलं तसं कर. कोणाकडे पाहू नको."

पोरं खिडक्यांना चिकटली. साहेब कप घेऊन व्हरांड्यात आले, गुरुजी त्यांच्या मागे. जयानं खराटा उभा धरला. त्याच्या सावलीएवढा दोर मोजून तिथे चिमटीत पकडला. मग खांबाच्या सावलीवर एक, दोन, तीन करत टाकत गेली. काम समोर होतं आणि ती कामात होती. शेवटी तिनं सहा बोटं वर केली.

"खराटा किती फूट?" साहेबांनी विचारलं.

चार बोटं.

साहेब आत गेले, ट्रे बाजूला करून नोंदवही पाहून आले. "ध्वजस्तंभ, लोखंडी, एक. उंची चोवीस फूट." मग ते जयाला म्हणाले, "बरोबर आहे."

म्हणजे उंची वहीत लिहिलेली होती! गुरुजींच्या स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या अक्षरात. आणि हा माणूस अंदाजानं दोर घेऊन आला होता.

"आता रीत सांग," साहेब म्हणाले.

जयानं खाली मान घातली.

"उत्तर बरोबर, रीत नाही," साहेब हसले. "परीक्षेत निम्मे गुण." गुरुजी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. अंगणभर सावलीवर रीत मांडून ठेवली होती आणि दोन शिकलेली माणसं तिच्यासमोर उभी राहून रीत कुठे आहे म्हणून विचारत होती. एकोणचाळीस डावे हात साहेबांना दिसले नसतील असं नाही. तेही कधीकाळी मास्तरच होते. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, वर्गाची तयारी उत्तम. संत्र्यांची टोपली जीपमध्ये ठेवली गेली आणि जीप गेली.

पाच वाजता सिंधूताईनं घंटा दिली. शाळा रिकामी झाली. गुरुजी ऑफिसात कागद आवरत होते. शंभर टक्क्यांचे फॉर्म टेबलावर सुतळीनं बांधून ठेवले होते. दारात सिंधूताई उभी होती, हातात कुलूप आणि मागे जया.

"उद्यापासून येऊ नका," गुरुजी वर न बघता म्हणाले. "नाक कापलं तुम्ही माझं."

"नाही येणार. पण कुलूप आज माह्याजवळ आहे. फॉर्म भरा, मंग दार सोडतो."

"धमकी देता?"

"हो."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. ती पायरीवर बसली, आडवा खराटा मांडीवर घेऊन. अकरा वर्षांत ती त्यांच्यासमोर कधी बसली नव्हती. बाहेर रस्त्यावर दोन पालक थांबून आत डोकावत होते. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, मग त्या पालकांकडे पाहिलं आणि चरफडत एक कोरा फॉर्म ओढला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. खाली मुख्याध्यापकांच्या शेऱ्याची जागा होती. तिथे खरडून त्यांनी कागद पुढे सरकवला.

सिंधूताईला वाचता येत नव्हतं. "जया, काय लिहिलं?"

जयानं हळू आवाजात वाचलं, "विद्यार्थिनी सर्व विषयांत कच्ची आहे."

"दुसरा कागद घ्या," सिंधूताई म्हणाली.

"अहो, मग लिहू तरी काय?"

"तुम्ही आज जे पाहिलं ते. खांब मोजला तिनं."

"शेऱ्यात असं कोणी लिहीत नाही."

"काहून नाही लिहीत? कोरा कागद पाच मिनिटं वाचता येते तुम्हाले. हे एक ओळ लिहिता येत नाही?"

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी दुसरा फॉर्म घेतला, पुन्हा सगळं भरलं. टाक जोरात दाबल्यामुळे कागद एका ठिकाणी फाटता फाटता वाचला. सही ठोकली आणि फॉर्म जयापुढे टाकला.

जया वाचू लागली. "विद्यार्थिनीने शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची सावलीवरून अंदाजे..."

ती थांबली. पोरीचे ओठ सुकले होते आणि फ्रॉकची कड पुन्हा मुठीत गेली होती. मग तिनं कागद गुरुजींच्या हाताखाली ठेवला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"'अंदाजे' खोडा, गुरुजी," जया म्हणाली. "मी मोजला आहे."