साखरेतला 'र'

चार वर्षांच्या चिमीची जीभ 'र'पाशी हटकून अडायची. "लाजकन्येला दुधात साखल हवी का?" असं तिची आई मुद्दाम तिच्याच बोलीत विचारायची आणि मग दोघी पोट धरून हसायच्या. गेल्या वर्षी आई आजारपणात गेली. पुढे शाळेत मुलं चिडवू लागली, तशी चिमी तिथे तोंडच उघडेनाशी झाली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तिच्या बापाने धसकाच घेतला. रोज सकाळी तो तिला समोर बसवी आणि मोटारीसारखा 'र्र्र' करून दाखवी. चिमीच्या तोंडून थुंकी उडे, पण 'र' काही निघत नसे. असे सहा महिने गेले.

त्या दिवशी तो खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होता. दुधाचा घोट घेऊन ती म्हणाली, "बाबा, यात साखर नाहीये."

तो बसल्या जागीच स्वयंपाकघराकडे वळून ओरडला, "अगं, ऐकलंस का? साखर म्हणाली!"

बायकोला त्याने कधी नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' हेच तिचं नाव. आतून 'ओ' आली नाही, तेव्हा कुठे तो भानावर आला.

"मला काय विचारतोस?" चिमी खिदळली. "मीच तर म्हटलं!"

"हो गं, तूच म्हणालीस," तो म्हणाला. मग मान वर करावी लागू नये म्हणून त्याने बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.